इंग्रजी मंतर

"गळ्याला हात लावून बसती, जनू गळा जाग्यावर हाय का तेच बघती," चुलीपुढं रतनबाई पुटपुटल्या. भाकरी थापणाऱ्या सुनेला ऐकू जावं इतपत मोठ्यानं, आणि माडीवरच्या लेकीला जाऊ नये इतपत हळू.

मनकर्णेनं मान वर केली नाही. माडीवर नणंद पुष्पावती आधी सापासारखी फुसफुसली, मग भुंग्यासारखी गुणगुणली. संगमनेरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी ही पोरगी एकाहत्तरच्या दिवाळीला घरी आली ती हे खूळ घेऊनच. भाषाशास्त्राचा पेपर होता म्हणे.

"इंग्रजी बोलायला शिकिवत्यात व्हय गं?" मनकर्णेनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"बोलायला नाही वहिनी. बोलताना तोंडात काय काय होतं, ते." पुष्पावतीनं ओठांपुढं कागदाची पट्टी धरून दाखवलं. साहेब 'पिन' म्हणतो तेव्हा कागद हलतो, आपण म्हणतो तेव्हा ढिम्म.

"मग आपलं काय चुकतंय?"

"काहीच नाही. यात चूक काढायची नसते, नुसतं बघायचं."

नुसतं बघायचं! मनकर्णेला ते कुसळासारखं टोचलं. कारण आता बघणं चाललं होतं ते तिच्या राहीचं. चौथं लागलं तरी पोर 'आई' म्हणत नव्हती. आपल्या घरात बोलायला उशीरच होतो, असं म्हणून सगळे तिच्या जिभेवर वेखंड उगाळून लावायचे आणि पावसापाण्याचं बोलायला लागायचे. मनकर्णा तर लेकीला लांबून हाकच मारायची नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावायची. का, ते तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं.

पुष्पावती मात्र राहीला मांडीवर घ्यायची, तिचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवायची आणि काहीबाही बोलायची. जिन्यात वहिनीची चाहूल लागली की गप्प. शेजारच्या बनुबाईनं सांगूनच टाकलं, "वाचा बांधत्यात असं करून. इंग्रजी मंतर लई वंगाळ." मनकर्णेनं मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. त्या तडतडल्याही खूप. संशयाला एवढा पुरावा पुरतो.

त्या दुपारी ती पाय न वाजवता वर गेली. राही पाठमोरी भातुकली मांडत होती. तिच्या मागं पुष्पावती पितळी परात घेऊन उभी होती. तिनं परातीवर लाटणं हाणलं.

"काय पडलं गं?" खालून रतनबाई ओरडल्या.

राहीनं इवलीशी चूल नीट लावली आणि तिच्यावर तवा ठेवला.

"काय करतीस माझ्या लेकीला?"

पुष्पावती दचकली. "काही नाही वहिनी. अभ्यास."

"अभ्यास तुजा, आन् पोर माजी कशाला लागती? जे तिला करतीस ते मला कर. आत्ता."

पुष्पावतीनं तिचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला आणि गुणगुणली. मनकर्णेच्या तळहाताखाली मधमाशी कोंडल्यासारखं झालं. मंतर म्हणतात तो हाच? एवढाच?

दोघींना तसं बघून राही उठली. रोजचाच खेळ असल्यासारखा तिनं आईच्या गळ्याला हात लावला.

"राही," मनकर्णा म्हणाली.

पोरीचे डोळे मोठे झाले. तिनं दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर दाबला आणि घोगरा, लांबलचक 'आ' काढला. मग ऐटीत दोघींकडं पाहिलं.

पुष्पावती खिडकीबाहेर बघत राहिली. इतके दिवस तिला काय माहीत होतं आणि ती कुणाला घाबरून गप्प होती, ते मनकर्णेला आता उमगलं.

तेवढ्यात रतनबाई धापा टाकत वर आल्या. हातात टोचलेला पेरू. "माज्या सूर्यभाननं राहात्याच्या बागंतनं आणलाय तुज्याकडं, बायकूकडं द्यायला. पोपटाचं उष्टं हाय. खाऊ घाल पोरीला, जीभ सुटंल."

मनकर्णेनं पेरू घेतला नाही.

"जीभ चांगली हाय तिची, आत्याबाई," ती म्हणाली. "माझ्या राहीला ऐकू येत न्हाई."