पुजानं परातीत पीठ पाडलं

"पुजानं परातीत पीठ पाडलं," पुजा उभी राहून म्हणाली आणि शेजारच्या योगेशकडे बघत खाली बसली.

"योगेशनं येऊन सारं झाडलं," योगेश म्हणाला.

दोघं हजर झाली. प्रेमानंद गुरुजींच्या वर्गात 'हजर' हा शब्द कुणी वापरत नसे. आपल्या नावाच्या अक्षरानं ओळ सजवायची आणि शेजारच्यानं तिला यमक जुळवायचं, अशी तिथली हजेरी. गोरेगाव नावाच्या खेड्याच्या पुढं, जीपवाले ज्या फाट्यावर माणसं उतरवून मोकळे होतात तिथून वर तांडा, आणि तांड्याच्या टोकाला ही शाळा. तालुक्याच्या प्रशिक्षणात एका बाईंनी अशा प्रकाराला 'ध्वनिजागृती' म्हटलं होतं आणि नंतर सगळ्यांना मठ्ठा मिळाला होता. गुरुजींना मठ्ठा तेवढा आठवत होता. हजेरीची रीत त्यांची स्वतःची. घरी गोरमाटी बोलणाऱ्या लेकरांच्या जिभेवर मराठी बसावी, एवढाच त्यांचा हेतू. 'य' हे अक्षर भलतंच कंजूष आहे, यंत्र आणि यज्ञ सोडलं तर लेकरांच्या कामाचं त्यात काही नाही, हे त्यांना योगेशमुळे कळलं.

पुजाला कुठलंच अक्षर कंजूष नव्हतं. शेळीला, हापशाला, झालंच तर गुरुजींच्या टकलालाही ती ओळ लावून यायची.

पण दिवाळी होऊन गेली होती. ऊसतोडीचा ट्रक आता कुठल्याही दिवशी येणार आणि अर्धा तांडा भरून नेणार. मागच्या वर्षी पुजा गेली, ती होळीला परतली तेव्हा अक्षरं तिकडंच ठेवून आली होती. यंदा तिला जाऊ द्यायचं नाही, असं गुरुजींनी ठरवलं. नोकरीत ठरवण्याचं काम वरचे लोक करतात, त्यामुळे त्यांना तशी सवय नव्हती.

शाळा सुटल्यावर ते पुजाच्या घरी गेले. तिची आई पारुबाई दारात बसून कोयत्याला दांडा ठोकत होती. आत झोळीत धाकटं पोर टाहो फोडत होतं.

"पारुबाई, पोरीला आजीपाशी राहू द्या. हुशार आहे."

"हुशार हाय म्हनूनच लागती, गुरुजी. मी अन् ह्याचा बाप मिळून एक कोयता. आमी फडात, मंग बारक्याला धरनार कोन? तुमी येता का?"

"त्यालाही ठेवा आजीपाशी."

"अंगावर पितंय ते. आजी पाजंल का?"

गुरुजींनी कोपऱ्यातल्या म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीनं मान हलवून नाही म्हटलं.

पारुबाईनं एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं तर पाघळेल, असं गुरुजींना वाटलं. "पुजा, याडीला, आईला दाखव बरं म्हणून. बारक्यावर कर एखादी ओळ."

पुजा झोळीशी गेली. विचार करायलाही थांबली नाही.

"बारक्या, बोबड्या, बोट बुडव, गुळाचा गोळा गालात दडव."

बारकं थबकलं. तिनं पुन्हा म्हटलं तेव्हा ते हसलं.

पारुबाईचा हात दांड्यावरच थांबला. "अगं बया. दुपारपासून रडून राहिलं व्हतं. गुरुजी, हे तुमी शिकिवलं?"

"व्हय," गुरुजी म्हणाले. आवाज जरा फुललाच होता.

"लई उपकार झाले. मागल्या साली हिच्यानं पोरगं गप ऱ्हात नव्हतं. मुकादम वराडायचा, मला फडातून उठून यावं लागायचं. औंदा तकलीफ न्हाई." तिनं दांड्यावर शेवटचा ठोका घातला. "आता तर हिला नेलीच पाह्यजे."

गुरुजींनी बोलायला तोंड उघडलं. पुजा शाबासकीसाठी त्यांच्याकडेच बघत होती.

"छान," ते म्हणाले.

आठवडाभरात ट्रक येऊन गेला. योगेशच्या पाठीवर भावंड नव्हतं, म्हणून तो आज्यापाशी राहिला. दुसऱ्या दिवशी हजेरी त्याच्यापाशी येऊन अडली. तो उभा राहिला, पण बोलेना.

"म्हण की रे."

"गुरुजी, पीठच पडलं न्हाई. झाडू काय?"

प्रेमानंद गुरुजींनी खिडकीतून फाट्याकडे पाहिलं. मग खाकरून स्वतःच म्हणाले, "पुजानं परातीत पीठ पाडलं."

योगेश खाली बसला आणि शेजारची रिकामी बसकरपट्टी त्यानं हातानं झाडून ठेवली.