सात नंबरची बाटली

माठावरचं झाकण खणकन वाजलं. सहा वर्षांची पायल पाणी घेत होती. तेवढ्यानं घरातली शांतता मोडली आणि मघापासून मान खाली घालून बसलेले हरिदास सुनेला एकदम म्हणाले, "माया, ते सात नंबरचं पाणी नदीचं नव्हतं."

माया खारून नदीचं पाणी मोजायची. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली आणि एका कार्यालयात तिला कंत्राटावर काम लागलं. उन्हाळ्यात नदी आटते, पण पुरती सुकत नाही. जमिनीतलं पाणी तिला खालून पाजत असतं. कुठून, ते मीठ सांगतं; जमिनीतल्या पाण्यात ते जास्त विरघळलेलं असतं. घाटाघाटावर बाटल्या भरायच्या, मीठ मोजणारा मीटर बुडवायचा. आकडा चढला की समजायचं, इथे खालून झिरपतंय. सगळीकडे तीनशे, आणि सात नंबरच्या बाटलीत अठराशे! साहेबांनी शाबासकी दिली. पण नंतर तीनदा ती त्याच जागी गुडघाभर चिखलात उभी राहिली. आकडा तीनशेच्या पुढे सरकेना. आता साहेब टोमणे मारत, "बाई, बाटल्या घरीच भरता काय?"

"मंग कुठलं होतं, मामाजी?"

"पोट्टीनं बाटली सांडली होती. तुही नोकरी नवी. म्हटलं, बोलणी खाईल बिचारी. आपल्या बोरिंगचं भरून ठेवलं. पाणी त पाणीच..."

उभा जन्म रेल्वेत ताठ मानेनं काढलेला माणूस सुनेपुढे चोरासारखा बसला होता. मायाला राग यायला हवा होता. नोकरी तर गेल्यातच जमा. पण तिनं पिशवीतून मीटर काढला नि बोरिंगच्याच पाण्यानं भरलेल्या माठात बुडवला.

अठराशे दहा.

सगळ्या गुढियारी मोहल्ल्यात त्यांच्या बोरिंगचं नाव होतं. "आपल्या पाण्याले चव हाय, नळाचं निरा पांचट," सासू म्हणायची. दवाखान्यातही तिला दुसरं चालेना. किडन्या गेलेल्या, डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. माया अळणी वरण शिजवायची, चुकून चिमूट पडली नाही ना म्हणून जिभेला लावून बघायची. आणि त्याच डब्यासोबत रोज बोरिंगच्या पाण्याची किटली न्यायची. शेवटचे दोन घोटही मायाच्याच हातचे. ते पिऊन म्हातारी हसली होती.

हरिदासांना आकडा कळला नाही, सुनेचा चेहरा कळला. "काय झालं व?"

"मीठ हाय, मामाजी. आपल्या पाण्यात. लई मीठ."

भरला पेला धरून पायल ऐकत उभी होती. मायानं तो तिच्या हातून काढून घेतला, मोरीत ओतला नि लेकीला पोटाशी धरलं. लेकीचे ओठ ओले होते. पदरानं ते पुसता पुसता तिचा हात थांबेना.

पायलनं तोंड सोडवून घेतलं.

"आई, आजीले त मीठ बंद होतं ना? मंग आपण तिले हे पाणी काहून पाजत होतो?"