शेजारी बसण्याची परीक्षा

लर्निंग लायसन्सची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले. पंचावन्नाव्या वर्षी! पर्स उचलून निघाले, तर खिडकीतला साहेब म्हणाला, "थांबा बाई. शेजारी कोण बसणार तुमच्या? त्यांचीही परीक्षा असते."

"कसली?"

"गप्प बसण्याची."

शेजारी बसणार होते आमचे हे. ह्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलेलं, आणि तिकडे दुसऱ्या गावी लेकीचे दिवस भरलेले. आज कसंही करून निघायचं होतं. पण ह्यांना गप्प बसवायचं म्हणजे! हा माणूस टॅक्सीत मागे बसूनसुद्धा ड्रायव्हरला गिअर बदलायला सांगतो.

आतल्या खोलीत चाकांचं एक टेबल होतं. त्याला पुढे स्टिअरिंग ठोकलेलं, मागे दोन खुर्च्या बांधलेल्या. शिपायाने ढकलायचं, मी वळवायचं, ह्यांनी नुसतं बसायचं.

पहिल्या फेरीत कपाट जवळ आलं आणि हे ओरडले, "अगं, ब्रेक!" नापास. दुसऱ्या फेरीत ओरडले नाहीत, पण सुस्कारा असा सोडला की साहेबाच्या हातातले कागद उडाले.

"सुस्कारा बोलण्यातच धरतो आम्ही," साहेब म्हणाला. "आता शेवटची संधी."

माझं डोकंच फिरलं. "अहो, लेकीसाठी तरी तोंड मिटा! जन्मभर तुम्ही बोललात, मी ऐकलं ना?"

ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि दातांत धरला.

तिसऱ्या फेरीत मीच चुकून दाराकडे वळवलं. टेबल शिपायाच्या हातून सुटून दाराबाहेर गेलं, उताराला लागलं. रांगेतली माणसं पांगली. समोर साहेबाची नवीकोरी स्कूटर. ह्यांचा पाय नसलेला ब्रेक दाबत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तोंडातून अवाक्षर नाही. ओरडला तो साहेब. "अहो बाई, ब्रेक! ब्रेक!"

टेबल थांबलं ते स्कूटर आडवी करूनच. धापा टाकत आलेल्या शिपायाने ह्यांना पास केलं आणि साहेबाला नापास. नियम म्हणजे नियम.

गाडी रस्त्याला लागली. हे रुमाल दातांत धरून ताठ बसलेले. मला बरं वाटायला हवं होतं, पण प्रत्येक वळणावर उगाच चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. तेवढ्यात लेकीचा फोन आला. ह्यांनी उचलून स्पीकरवर टाकला आणि गप्प राहिले.

"बाबा, निघालात का? बाबा? आई, बाबा बोलत का नाहीत? काय झालं त्यांना?" पोर रडायलाच लागली.

मी गाडी कडेला घेतली आणि ह्यांच्या तोंडातला रुमाल काढला. "बोला आता. गाडी उभी आहे."

"अगं, काही झालेलं नाही. येतोय आम्ही," हे म्हणाले. घसा खाकरला. "तुझी आई फार छान चालवते."

तीस वर्षांच्या संसारात असं कौतुक मी पहिल्यांदा ऐकत होते. माझे डोळे भरून आले.

"फक्त क्लच जरा..."

मी रुमाल होता तिथे परत ठेवला आणि गाडी काढली.