घरात मी एकटीच असते

मुमताजने गादीवरची चादर एका हाताने ओढली आणि दुसऱ्या हातातला फोन लांब धरून पाहुण्यांच्या अभिप्रायांतला तो पहिला मजकूर पुन्हा वाचला. चष्मा कपाळावर होता, पण तो खाली ओढायचं तिच्या लक्षात आलं नाही.

‘मालकीणबाई म्हणाल्या, घरात मी एकटीच असते. मग सकाळी भिंतीपलीकडे कोण खोकत होतं? विचारलं तर म्हणाल्या, मांजर. मांजर बांगड्या घालत नाही.’

लिहिणाऱ्याचं नाव होतं ‘मुसाफिर ७७’. फोटोच्या जागी नुसता करडा गोल.

भाजे गावात लेण्यांच्या वाटेवर तिचं घर. नवरा गेल्यावर पुढच्या दोन खोल्या तिने शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. मुंबईहून पोरांची टोळकी यायची, विसापूरचा किल्ला चढायची, अंगणात गाणी लावायची. मुलगा रमीज दोन वर्षांपासून आखातात आणि घरात तरणी सून, अम्मारा. म्हणून मुमताजने एक वाक्य पाठ केलं होतं, घरात मी एकटीच असते. पाहुणे आले की अम्मारा मागच्या खोलीत जाऊन कडी लावून घ्यायची. स्वयंपाक तिचाच, ताटं मात्र मुमताज बाहेर न्यायची. यात काही वावगं आहे असं मुमताजला कधी वाटलं नाही. सुनेला आपण किती जपतो, याचा तिला थोडा अभिमानच होता.

आठवड्याभरात त्या मजकुराला पाय फुटले. कोणाला जिन्यावर पांढऱ्या कपड्यातली बाई दिसली. घराला जिनाच नाही. कोणी लिहिलं, म्हातारीने सुनेला मारून परसात पुरलंय, गावात विचारा. यातले निम्मे लोक मळवली स्टेशनवर कधी उतरलेही नसतील. पण उरलेले निम्मे ‘मावशी, रस्सा एक नंबर’ म्हणून हसत गेलेलेच असणार, आणि ते मुमताजला जास्त लागलं. कोणाकडे बघून चिडायचं तेही कळत नव्हतं. सगळ्यांना तोच करडा गोल.

एकदा शेजारच्या झुंबरबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

“मुमताज, सून हाय न्हवं घरात? लय दिस झालं, दिसली न्हाई.”

“हाय की. कुटं जाईल?”

“मग हाक मार की.”

मुमताजने हाक मारली. “अगं ए.” आतून काहीच आलं नाही. तिने परत हाक मारली. झुंबरबाई तिच्या खांद्यावरून आतल्या अंधाराकडे बघत होत्या. अम्मारा न्हाणीतून केस पुसत बाहेर आली तेव्हा त्या दोन पावलं मागे सरकल्या. आणि खरं सांगायचं तर, मुमताजनेही आधी सुनेच्या पावलांकडे बघितलं.

मग एक नवीनच कोणीतरी लिहायला लागलं. नाव ‘तिथे राहिलेली’. ते शिव्या देत नव्हतं, आणि म्हणूनच मुमताज ते दिवसातून चारदा वाचायची.

‘त्या घरात कोणी मेलेलं नाही. मागच्या खोलीतली बाई जिवंत आहे. तुम्ही खाल्लेल्या भाकऱ्या तिनेच थापल्या.’

दोन दिवसांनी, ‘तुम्ही गेलात की ती तुमच्या खोलीत येते. तुमच्या आरशासमोर उभी राहून बोलते. आपला आवाज अजून आहे का ते बघते.’

आणि आज सकाळी, ‘तुम्ही असलात की ती पातेल्याच्या झाकणात जेवते. जास्तीचं ताट धुताना कोणाला दिसू नये म्हणून.’

मुमताजने चादर तशीच खाली सोडली. झाकणाची गोष्ट पाहुण्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. ताट घेऊ नको, कुणाला तरी दिसायचं, असं तिनेच दोन वर्षांपूर्वी एकदा सुनेच्या कानाशी सांगितलं होतं. घर रिकामं असलं की भिंतींना कान असतात असं तिला आजवर वाटायचं. आज वाटलं, त्या बोलायलाही लागल्या आहेत. भुताला ती भ्याली नसती एवढी त्या तीन ओळींना भ्याली.

अम्मारा पडवीत तांदूळ निवडत होती. दाराशी तिची पिशवी होती, चेन लावलेली. मुमताजने ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. एरवी पाहुण्यांना उत्तरं द्यायची असली की मुमताज सांगायची आणि अम्मारा लिहायची. आजही तिने फोन पुढे केला.

“उत्तर लिवायचंय.”

“कोणाला?”

“ती शेवटची. तिला.”

अम्माराने हात पुसले. फोन घेतला. “काय लिहू?”

मुमताजने सकाळपासून बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

“लिही, आमी कुणाला कोंडलं न्हाई. कडी आतनं व्हती.”

अम्माराने लिहिलं. जरा वेळ थांबली. फोनचा उजेड विझला, काच काळी झाली. त्या काळ्या काचेकडे बघतच ती वाचल्यासारखं म्हणाली, “ती म्हणतेय, कडी आतून होती हे खरं. पण लावायची कोणी सांगितली होती?”

मुमताजने विझलेली काच पाहिली. तिच्यावर एक अक्षर नव्हतं. बोलू नये, उठून जावं, असं वाटलं. पण ती उठली नाही.

“भ्या वाटायचं म्हणावं. पोरं कसली येत्यात, काय सांगावं.”

“तिलाही भीती वाटायची म्हणतेय. पोरांची नाही. आपण खरंच आहोत का, याची.”

वरच्या रस्त्याने एक रिक्षा लेण्यांकडे गेली. मुमताजने जमिनीवरचे चार दाणे उचलून सुपात टाकले.

“आता कुटं हाय ती?”

“निघालीय. पुण्याच्या गाडीने देहूरोडला उतरेल. आईकडे.”

“कायमची?”

अम्माराचा अंगठा काचेच्या कडेवरून मागेपुढे फिरत होता. मुमताजला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

“तिला इचार,” ती म्हणाली. “म्हातारीनं हात धरला तर ऱ्हाईल का. मीच जाऊन सांगीन म्हणावं समद्या गावाला, ही माजी सून. पाहुणं येऊ द्या न्हाईतर न येऊ द्या.”

“विचारू?”

“व्हय. इचार.”

अम्माराने फोन उघडला नाही. तो तसाच काळा, मांडीवर ठेवला. मुमताज सरकत सरकत तिच्या शेजारी येऊन बसली, आणि दोघी त्या काचेकडे बघत राहिल्या. सूप मध्येच पडलं होतं. बऱ्याच वेळाने मळवलीकडून पुण्याच्या गाडीचा भोंगा ऐकू आला, मग रुळांवरची खडखड, मग तीही गेली.

“आलं का उत्तर?” मुमताजने विचारलं.

“लिहितेय,” अम्मारा म्हणाली.