बेज दरवाजावरच्या काळ्या रेषा

मी अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या एका गॅरेजचा दरवाजा बोलतोय. सोळा फूट रुंद, सात फूट उंच, रंग बेज. आमच्या कॉलनीत बाहेरून तीनच रंग चालतात: बेज, फिकट बेज आणि त्याहून फिकट बेज. हा नियम माझ्याच मालकांनी लिहिला. डॉ. गुरुदत्त, निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ आणि कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष. सगळे त्यांना काका म्हणतात.

वर जायचं, खाली यायचं, हे माझं काम. अकरा वर्षं केलं. कुरकुरलो की काका तेल घालायचे. तक्रार नव्हती.

गेल्या मे महिन्यात नोमवुला स्कोसाना आल्या. वय ब्याऐंशी. दक्षिण आफ्रिकेतल्या एन्डेबेले जमातीच्या बायका शेणाने सारवलेल्या घराच्या भिंतींवर काळ्या रेषा ओढतात आणि मधे निळा, पिवळा, लाल भरतात. स्कोसानाबाई हे आईकडून शिकल्या आणि तीच नक्षी त्यांनी कॅनव्हासवर, मोठमोठ्या म्युझियममध्ये नेली. जवळच्याच ॲन आर्बर शहरातल्या म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन होतं. तिथेच काम करणारी काकांची मुलगी प्रीता त्यांना घरी घेऊन आली, कारण हॉटेलचं जेवण त्यांना जाईना.

गाडीतून उतरून त्यांनी मला बराच वेळ पाहिलं. मग उत्तराकाकूंना विचारलं, “या घरात बाई राहते?”

“हो, मीच की.”

“बाहेरून कळत नाही.”

काकूंनी ते मनावर घेतलं आणि रंग आणले. काका तेव्हा चार दिवस शिकागोला मित्राकडे गेले होते.

स्कोसानाबाई कोंबडीच्या पिसाने रेषा काढत. पट्टी नाही, पेन्सिल नाही. मला गुदगुल्या होत होत्या, पण बटण दाबल्याशिवाय मला हलता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पीस काकूंच्या हातात दिलं.

“मला नाही जमणार, बिघडेल.”

“बिघडू दे. पावसानं भिंत धुतली की आम्हीही पुन्हा काढतो.”

“माझी आई अंगण सारवून रांगोळी काढायची,” काकू म्हणाल्या. “इथे आल्यावर मी सोडलंच ते सगळं.” आणि त्यांनी माझ्या उजव्या बाजूला पहिली रेषा ओढली. ती वाकडी गेली.

काका परतले, ते गाडीतच बसून राहिले. मग टेप आणून त्यांनी रेषा मोजल्या. डावीकडच्या सरळ होत्या.

“ही उजवी बाजू कोणी केली?”

“मी.”

“हं,” म्हणत काका आत गेले आणि त्यांनी स्वतःच्याच घराला नोटीस लिहिली. तीस दिवसांत मूळ रंग द्यावा. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. दोन दिवसांनी सही करून घेतलीही त्यांनीच.

“बाबा, आर यू सीरियस?” प्रीता म्हणाली. “लोक तिकीट काढून बघतात हे!”

“नियम सगळ्यांना सारखा.”

कमिटीची मीटिंग माझ्यासमोरच, ड्राइव्हवेवर खुर्च्या टाकून झाली. काकू उभ्या राहिल्या. “अडतीस वर्षं या देशात आहे. बाहेरून माझं म्हणून ओळखू येईल असं हे पहिलंच. राहू द्या ना.” सहा हात बाजूने वर झाले, सहा विरोधात. अध्यक्षांचं मत उरलं होतं. काकांनी विरोधात दिलं. काकू खुर्च्या उचलू लागल्या.

रंग काकांनी स्वतःच दिला. काळ्या रेषा दोन हातांत झाकल्या नाहीत, तिसरा द्यावा लागला. उजव्या बाजूला त्यांचा ब्रश फार वेळ घेत होता.

नोव्हेंबरमध्ये स्कोसानाबाईंचा फोन आला. काकूंनी सगळं सांगितलं.

“बाहेरून चालत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि आतून?”

काकूंनी नियम काढून वाचला. आतल्या बाजूबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

आता काकू माझ्या आतल्या बाजूला रेषा काढतात. त्यांना उभं राहायला जागा लागते. काकांनी आपली गाडी बाहेर काढली आणि आत हीटर आणून ठेवला. रोज सकाळी ते दहा मिनिटं काचेवरचा बर्फ खरवडतात. मग आत येऊन काम कुठवर आलंय ते बघतात. परवा म्हणाले, “निळा संपत आलाय. जाता जाता आणतो.”

तुम्ही कधी ट्रॉयला आलात, तर रंगावरून मला शोधू नका. ज्याच्यासमोर बर्फात गाडी उभी असेल, तो मी. गाडी रात्रभर बाहेर ठेवू नये, असाही कॉलनीचा एक नियम आहे. त्याची नोटीस अजून आलेली नाही.