पिशवीत सगळं आहे

"ही पिशवी तुम्हीच भरता ना? मग सांगा, तिच्यात कोलीन किती असतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

सतरा वर्षं तो या हॉस्पिटलात शिरेतून द्यायच्या अन्नाच्या पिशव्या भरत होता. ज्यांची आतडी कामातून गेली, त्यांचं सकाळ-संध्याकाळचं जेवण म्हणजे ही पिशवी. साखर, प्रथिनांचे घटक, चरबीचं पांढरं दूध, क्षार, जीवनसत्त्वं. छापील यादीत एकवीस नावं होती आणि झोपेतून उठवून विचारली असती तरी त्याने ती क्रमाने सांगितली असती. एक थेंब इकडचा तिकडे होऊ देत नाही म्हणून बरोबरचे लोक पाठीमागे त्याला थेंबराव म्हणत. हे त्याला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. आता त्याने ती एकवीस नावं मनातल्या मनात दोनदा म्हटली.

"यादीत नाहीये," तो म्हणाला.

"नाहीच. चरबीच्या दुधात थोडं असतं, पण ते पुरत नाही. शरीर स्वतःही थोडं बनवतं, म्हणून कित्येक वर्षं सगळे समजत होते की बाहेरून द्यायची गरज नाही. तेही पुरत नाही."

त्याच्या बायकोच्या तपासणीचा कागद उलटा करून बाईंनी त्यावर एक आकृती काढली. मध्ये नायट्रोजन, त्याला चिकटलेले कार्बनचे तीन झुपके, मागे छोटीशी शेपटी. बस, एवढंच. यकृताला चरबी बाहेर पाठवायची तर तिला वेष्टण लागतं, आणि ते वेष्टण कोलीनशिवाय नीट तयार होत नाही. वेष्टण नसलं की माल आतच पडून राहतो.

"तीन वर्षं पडून राहिला. आता नुसती चरबी नाही राहिली. यकृत कडक झालंय," बाई म्हणाल्या. "शिरेतून द्यायचं कोलीन आपल्याकडे मिळत नाही. तोंडावाटे देऊन बघू. गोळ्या लिहून देते, आणि अंड्याचा बलक द्या. त्यात भरपूर असतं."

"बलक?" त्याने विचारलं.

तीन वर्षांपूर्वी बायकोच्या आतड्याला पीळ पडला आणि कापून टाकल्यावर जेमतेम दोन विती आतडं उरलं. भूक पिशवीने भागत होती, पण जिभेचं काय करायचं? ती जे गिळे ते सरळ वाहून जाई, अंगातलं पाणी बरोबर घेऊन. पहिल्या दोन महिन्यांत दोनदा तिला उचलून हॉस्पिटलात आणावं लागलं. तेव्हा युक्ती त्यानेच काढली. एक स्टीलची वाटी आणली आणि नियम घातला: चघळायचं, चव घ्यायची, वाटीत थुंकायचं. ती शिकली. पुढे पुढे तर त्याच्यासमोर ताटावर बसून गप्पा मारता मारता ती असं काही जेवायची, की पाहणाऱ्याला वाटावं बाईला काही झालेलंच नाही. पिशवी लोकांना दिसू नये म्हणून जुन्या साडीचं आवरणही तिने मशीनवर शिवलं होतं.

मग एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या दाराआड सापडली. ओठांना पिवळं लागलेलं.

"गिळलंस?"

"अर्धाच."

"थुंक आधी." त्याने वाटी तिच्या हनुवटीखाली धरली.

"मला नुसता बलक खावासा वाटतो हो. दुसरं काही नको. डोहाळे लागल्यासारखं झालंय बघा या वयात."

"पिशवीत सगळं आहे," तो म्हणाला. "मी स्वतः भरतो. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का?"

ती थुंकली. त्या दिवसापासून घरात अंडं आणणं त्याने बंद केलं.

"बाई," त्याने विचारलं, "तिला तेव्हा बलक खावासा वाटायचा. म्हणजे तिच्या शरीराला कळत होतं का?"

"असं म्हणायला काही आधार नाही. माणसाला कशाचीही इच्छा होते."

"आणि रोज एक गिळला असता तर?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "तेवढ्याशा आतड्यातून किती गेलं असतं, कुणास ठाऊक. थोडंफार गेलं असतं. पण ती यादी काही तुम्ही केली नव्हती."

"वाचतो तर मीच ना," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "किती दिवस आहेत?"

"खोटं सांगणार नाही. महिन्यांचीच गोष्ट आहे."

तिथून तो कामावर गेला, कारण तिची उद्याची पिशवी भरायची होती. टोपी, मास्क, दोन हातमोजे. काचेच्या कपाटापुढे बसून त्याने एकेक नाव मोठ्याने वाचलं, समोरचा सोबती प्रत्येक नावाला "बरोबर" म्हणाला. एकविसावं झालं तरी तो कागदाकडे बघत राहिला.

"काय राहिलं का?" सोबत्याने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. सोबत्याने लेबल चिकटवलं: संपूर्ण पोषण. त्याखाली त्याने सही केली. तिच्या नावाच्या पिशव्यांवर अशा हजाराच्या वर सह्या झाल्या होत्या आणि त्यांतल्या एकीतही चूक निघाली नसती. त्याला रडू आलं, पण मास्कमध्ये रडता येत नाही, चष्म्याची काच धुरकटते.

दुपारी घरी आल्यावर त्याने अंडं उकडलं, सोललं आणि बलक बशीत ठेवून तिच्यापुढे धरला. ती खिडकीपाशी खुर्चीत होती. तिच्या डोळ्यांचं पांढरं आता पांढरं राहिलं नव्हतं.

"आज सूर्य कुठे उगवला?" ती म्हणाली.

त्याने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, बलकाचंही नाही. "पिशवीत सगळं नव्हतं," शेवटी तो म्हणाला. "मी तुझ्या तोंडातून काढून घेतलं."

तिने बशी मांडीवर घेतली. "आणि मला मेलीला वाटायचं, माझीच जीभ चटावलेली," एवढंच ती बोलली.

तिने अर्धा बलक तोंडात घातला. डोळे मिटून ती चघळत राहिली. तो तिच्या गळ्याकडे बघत होता. गळा हलेना. तिचा हात मात्र आपोआप उजवीकडे गेला आणि टेबलावर चाचपू लागला. वाटी त्याने अंडं उकडायला ठेवतानाच ओट्याखाली ठेवून दिली होती.

"गीळ," तो म्हणाला. "गीळ ना गं."

तिने मान हलवली, प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं, उमासा आला आणि तिने ओंजळीत सगळं थुंकून टाकलं.

"उतरतच नाही हो," ती ओशाळून म्हणाली. "सवयच गेली."

तो उठला, ओट्याखालची वाटी काढून धुतली आणि आणून तिच्या ओंजळीखाली धरली. तिने हात रिकामे केले. "उद्या परत बघू हं," तिने त्याची समजूत घातली.

मग पिशवी बदलायची वेळ झाली. त्याने नवी पिशवी अडकवली, नळी जोडली, थेंब मोजून घेतले आणि लेबलावरून तिने शिवलेलं आवरण खाली ओढलं.