इटलीतल्या दगडावरचं नाव

सोमवार, २४ जुलै १९७२. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पाथर्डी तालुक्यातल्या बोरवाडीच्या शाळेत इटलीहून पत्र आलं. सातवीचा इतिहासाचा तास चालू होता. मुख्याध्यापक रशीद शेख यांनी पाकीट मुलांसमोरच फोडलं. पत्र इंग्रजीत होतं. गुरुजी एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागले.

लिहिणारी बाई इटलीतल्या एका डोंगराळ गावात पाचवीला शिकवत होती. तिच्या गावाजवळ १९४३ साली मोठी लढाई झाली होती. मुलांच्या पुस्तकात त्या लढाईवर दोन पानं आहेत, पण हिंदी सैनिकांचा त्यात उल्लेख नाही, असं तिनं लिहिलं होतं. म्हणून ती वर्गाला लष्करी स्मशानभूमीत नेते. ज्या हिंदू सैनिकांना तिथं अग्नी दिला, त्यांची नावं एका दगडावर कोरलेली आहेत. प्रत्येक मूल एक नाव निवडतं आणि त्या माणसाची माहिती काढतं. रोझा नावाच्या मुलीनं सहादेव मरकड हे नाव निवडलं होतं. तिथल्या नोंदवहीत पुढं लिहिलं होतं : गणपत आणि मुक्ता यांचा मुलगा, बोरवाडी, जिल्हा अहमदनगर.

रोझानं विचारलं होतं, तो कसा दिसायचा, शाळेत काय करायचा आणि तुमच्या शाळेत त्याच्याबद्दल काय शिकवतात?

"गुर्जी, सहादूनाना तर आत्ताच कुदळ घिऊन गेले की!" मागून जरीना म्हणाली.

"मेल्यावरबी कामावर हजर," दुसरं कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

सहादेव मरकड दुष्काळी कामावर, रस्त्यासाठी मुरूम खणत होता. वय एकोणपन्नास. मधल्या सुट्टीत गुरुजी तिथं गेले. त्यानं पत्र उभ्यानं ऐकलं. मग कुदळ खाली ठेवली.

"त्यो मी न्हाई, गुर्जी. त्यो आमचा भीमा."

१९४२ च्या उन्हाळ्यात नगरला पलटणीची भरती होती. धाकटा भीमा सोळाचा होता, घेतला गेला नसता. त्यानं सहादेवचा शाळा सोडल्याचा दाखला नेला आणि भावाच्या नावानं, भावाच्या वयानं भरती झाला. गावाला वाटलं, पोरगा मुंबईला पळाला. पुढच्या वर्षी डिसेंबरात तार आली : सहादेव गणपत मरकड लढाईत कामी आला. तार आणणाऱ्याला दारात सहादेवच भेटला. सरकारचा घोटाळा झाला, असं म्हणून लोक घरी गेले. आई मुक्ताबाई मात्र समजली. थोरल्याला तुरुंगात घालतील या भीतीनं तिनं चूक दुरुस्त करू दिली नाही. १९६१ मध्ये ती वारली.

"म्हातारी मरस्तोवर म्हनायची, भीम्यानं दाखला चोरला," सहादेव म्हणाला. "चोरला न्हवता. म्या दिला. लई मागं लागला हुता. म्हनलं, दोन दिसात माघारी यील."

"पत्रात काय लिहू?"

"त्याचं नाव लिवा."

"नाना, मग तुम्हाला सही करावी लागेल. दाखला दिल्याचं कबूल करावं लागेल. चौकशी झाली तर मी थांबवू शकणार नाही."

सहादेवनं कुदळ उचलली. नऊ दिवस तो शाळेकडं फिरकला नाही.

बुधवारी, २ ऑगस्टला, शाळा समितीची बैठक होती. अध्यक्ष आप्पासाहेब बेचाळीसच्या चळवळीत चौदा महिने तुरुंगात राहिलेले. पत्राचा विषय निघताच ते म्हणाले, "मास्तर, त्या साली आमी इंग्रजाला 'चालता हो' म्हनत हुतो. त्याच्या पलटनीत जाऊन मेला, त्याचा धडा पोरांना कशापायी?"

"इटलीतली मुलं तोच धडा शिकतायत, आप्पा. आपल्याकडची माहिती मागतायत."

"त्येंना शिकू द्या. आमची पुस्तकं आमची."

दारात सहादेव येऊन उभा होता. टोपी हातात होती.

"आप्पा, तुमी जेलात हुते, त्ये पुस्तकात हाय. असायलाच पायजे. माजा भाऊ भीमा सोळाव्या वरसी माज्या दाखल्यावर पलटनीत गेला. त्यो ना त्यांच्या पुस्तकात, ना आपल्या. एका दगडावर हाय, तिथंबी माज्या नावाखाली."

आप्पासाहेबांनी विचारलं, "सोळा वरसाचा हुता?"

"सोळाच. तिसरीपातुर तुमचा धाकटा भाऊ अन् ह्यो शेजारी बसायचे. आठवा."

आप्पासाहेबांनी इटलीचं पत्र जवळ ओढून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "पलटनीचं कौतुक माज्या तोंडातून निघायचं न्हाई, सहादू. पन शाळेनं खोटं नाव कळवायचं न्हाई. आना कागद."

सहादेवनं सांगितलं ते गुरुजींनी लिहिलं : दाखला मी माझ्या हातानं दिला. त्याखाली त्यानं अक्षर जोडून सही केली. साक्षीदार म्हणून आप्पासाहेबांनी केली.

मंगळवारी, १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर सातवीनं रोझाच्या प्रश्नांची उत्तरं मोठ्यानं वाचली. भीमा उंच होता, डावखुरा होता. पाटीवर डाव्या हातानं लिहितो म्हणून छड्या खायचा आणि पुन्हा डाव्याच हातानं लिहायचा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरीनानं लिहिलं होतं : "आजपर्यंत काही शिकवत नव्हते. आजपासून शिकवतात." त्यानंतर सहादेव पुढं आला. आप्पासाहेबांनी त्याला भाषण करायला सांगितलं होतं. तो एवढंच बोलला : "माजा भाऊ, भीमा गणपत मरकड. बोरवाडीचा." त्याची मान ताठ होती. टाळ्या वाजत असताना आप्पासाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

पत्र दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टानं गेलं. उत्तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. रोझाच्या वर्गानं भीमाचं नाव वहीत लिहून घेतलं होतं आणि डाव्या हातानं लिहून पाहिलं होतं. स्मशानभूमीचं काम पाहणाऱ्या कार्यालयानं मात्र कळवलं होतं की, भावाची सही पुरेशी नाही. मृत सैनिक भीमाच होता याचा त्या काळातला कागद हवा.

शाळेच्या जनरल रजिस्टरात भीमाची नोंद तिसरीपर्यंत आहे. पुढं शेरा आहे : "सतत गैरहजर, नाव कमी केले." त्या पानाची नक्कल ३० ऑक्टोबरला रवाना झाली. सहादेव दर सोमवारी शाळेत येऊन टपाल विचारतो. २६ जानेवारी १९७३ पर्यंत निर्णय आलेला नाही. दगडावर अजून सहादेव मरकड हेच नाव आहे.